गोधडीआडचे घुंगरू

१६ ऑगस्ट १९८७, हिंगणघाट
आला एकदाचा. नागपूरच्या ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना सिंथेसायझर. एस.टी.त मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणे, "मुडदा हाय का पेटीत?" शोभाने (पुढे शो.) कुंकू लावलं, वर हार्मोनियमसारखा भाता कुठाय म्हणून विचारलं. भाता नाही, नुसती बटणं. तयार आवाज एकही नाही, सगळे आपणच घडवायचे.
काम पक्कं आहे. नागपूरचे कॅसेटवाले (ना.) भुलाबाईच्या गाण्यांची कॅसेट काढतायत. नमुन्याचं एक गाणं दसऱ्याआधी द्यायचं. पोरींच्या पायातले घुंगरू ह्या यंत्रावर केलेले हवेत. पसंत पडले तर तिकडेच कायम, आणि मिल सुटली. मिशीतला कापूस झटकून जेवणं पुरे झालं.

२० ऑगस्ट
दुपारपाळी, म्हणून सकाळी बसलो. दाराला गोधडी टांगली, गल्लीचा गोंगाट टेपात नको. घुंगरू करायला घेतले. सुरुवात झटक्यात, शेवट लगेच विरता, फिल्टर बराच उघडा, म्हणजे आवाजाला धार. निघाले कसे? गोधडीच्या आड वाजल्यासारखे. फिल्टर आणखी उघडला. तसेच! काही कळत नाही.

२३ ऑगस्ट
गुलाबभाऊला बोलावलं. रेडिओ दुरुस्त करतो, बोलतो जास्त. म्हटलं स्पीकरमधलं ट्विटर उडालंय, बारीक आवाज तेच काढतं ना. त्याने कान लावला. "चांगलं तं हाय." मी म्हटलं, बदल. बदललं. फरक शून्य. नवंही फुसकं निघालं असणार.

२९ ऑगस्ट
शो.शी भांडण. स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचे. "अवो, बंद करा ते! कानात सुई टोचून राह्यली." मी म्हटलं सुई कसली, हे तर मऊ वाजतंय. माझ्याकडे बघत राहिली. तिला संगीतातलं काय कळतं असं बोलून गेलो. रात्री भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम.

७ सप्टेंबर
भुलाबाई बसल्या. मंदाच्या मैत्रिणींनी कोनाड्यात भुलोजी-भुलाबाई मांडल्या, टिपऱ्या घेऊन घर डोक्यावर घेतलं. मंदा आजकाल तोंडातल्या तोंडात पुटपुटते. वही-पुस्तकात डोकं, आणि बापाने तीनतीनदा विचारायचं.
रातकिडेही यंदा गायब. पऱ्हाटीवरच्या फवारणीने मेले असतील.

१२ सप्टेंबर
यंत्र उचलून गुलाबभाऊच्या दुकानात नेलं. त्याचा ॲम्प्लिफायर, त्याचे स्पीकर. तिथेही गोधडी! म्हणजे दोष यंत्राचाच. गुलाबभाऊ कान झाकून ओरडला, "भाऊ, फिल्टर कमी कर ना! काऊन एवढा उघडला?" आता ह्याचं काय करावं? एकाला टोचतं, एकाला मऊ लागतं. यंत्र परत करून दुसरं आणावं? की टेप बदलावा? की वीजच मुळात वाईट? डोकं चालेनासं झालंय.

२० सप्टेंबर
आज काय झालं ते लिहून ठेवतो. अजून नीट समजलेलं नाही.
गाणी आपल्या घरी होती. शेवटी खाऊ ओळखणं. झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि आतला खाऊ सांगायचा. आमच्या गल्लीत हा मान दरवर्षी माझा, लहानपणी बहिणींमध्ये बसून शिकलो. फुटाणे, शेंगदाणे, रेवड्या, आजवर चुकलो नाही. मंदाने डबा माझ्या कानाशी धरला, हलवला. मी वाट बघतोय. परत हलवला.
म्हटलं, "चेष्टा करता का गं पोट्ट्यांनो? रिकामा आहे."
पोरी लोळल्या हसून. "बाबा नाटक करून राह्यले!" मंदाने झाकण काढलं. डबा मुरमुऱ्यांनी अर्धा भरलेला.
मीही हसलो. शो. हसली नाही.

२१ सप्टेंबर
सकाळी सिंथपुढे बसलो होतो. सहज मागे वळलो तर शो. उभी. हात वर, काचेच्या बांगड्या हलवतेय. कधीपासून हलवत होती कोण जाणे. हात खाली घेतला आणि रडायलाच लागली. "मले वाटलं तुमी रागानं बोलत नाई."
मिलमध्ये मागांच्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलतात. तिथे मला कधी अडलंच नाही. कसं अडणार?
बिचारं ट्विटर.
भीती वाटते. ज्याच्या जोरावर मिल सोडायची तेच मिलने खाल्लं. आणि मी बटणं फिरवत बसलोय.

२५ सप्टेंबर
नवी रीत. शो. माझ्यासमोर बसते, मी फिल्टर फिरवतो आणि तिचा चेहरा बघतो. कपाळाला आठी पडली की मागे. "अजून थोडं... हां, आता पोरगी चालून राह्यली." मला तर नुसतं टुकटुक. पण तिच्या ओठांवर हसू आलं, म्हणून तिथेच थांबलो. टेप केलं. हे माझं काम की तिचं?

४ ऑक्टोबर
नमुना दसऱ्याआधीच पोचवला होता. आज नागपूरला, ना.कडे बोलावणं. जाऊन आलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं. "घुंगरू एकदम सच्चे! सुनके मजा आ गया. कोणी केले?" तोंडातून निघून गेलं, मीच. कॅसेटचं काम पक्कं, शिवाय दिवाळीनंतर रोज यायचं. काचेच्या खोलीत, एकट्याने बसून आवाज करायचे. आठ्या कोणाच्या बघू तिथे?
होय म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. कळवतो म्हटलं. शो.ला 'एकट्याने' सांगितलं नाही.

७ ऑक्टोबर
भुलाबाई बोळवल्या. शेवटचा डबा. मंदा कानाशी आणणार तेवढ्यात तिच्या हातातून घेतला, तळवा बुडाला लावून हलवला. वजन हललं, बारीक, एकदम सगळं. "साखर-खोबरं." बरोबर! पोरी नाचल्या. मंदा म्हणाली, "मले म्हाईतच होतं, बाबा मागं नाटकच करत होते."
पोरी गेल्यावर भांडी आवरता आवरता शो.ने विचारलं, "मंग, काय सांगान त्यायले?" पाठ माझ्याकडे, तरी अक्षर न् अक्षर ऐकू आलं.
ऐकलंच नाही असं दाखवलं.
तिला ते खरं वाटलं. हात पुसत जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, आणि हळूहळू, ओठ दिसतील असं, परत विचारलं.