मेंदूतील जलद्वारे आणि माझे प्रवचन

सोमवार, ७ जुलै २०२५. पहाटे ३.४५
गजाननाची कृपा असो, वाग्देवीने जिव्हेवर वास करावा, आणि तो मध्येच सोडून जाऊ नये. आता विषय. काल डोंबिवलीच्या आमच्या मंदिरात प्रवचन करीत असता सदतिसाव्या ओवीपाशी सर्व कोरे झाले. एकतीस वर्षांत प्रथमच. (वस्तुतः चौथ्यांदा, परंतु आधीच्या तीन वेळा पंखा आवाज करीत होता.) विश्वस्त विठ्ठलराव नम्रपणे म्हणाले, गुरुजी, येत्या रविवारी पोथी समोर ठेवा, पुन्हा अडलात तर आसन तुमच्या शिष्याला, सर्वेशला देऊ. पोथीत पाहून सांगणारा वक्ता आणि चिठ्ठीत पाहून सप्तपदी चालणारा वर मला सारखेच. नकार दिला.

मंगळवार, ८ जुलै
सूनबाई अंतरा घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास तपश्चर्या करून आली. मेंदूच्या पेशींवर तिचे संशोधन चालते. विचारले, बाबा, झोपता किती? साडेतीन तास, असे अभिमानाने सांगितले. तिने कपाळाला हात लावला. मग सांगितले ते असे : मेंदूत ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात, ॲस्ट्रोसाइट. त्यांची पावले रक्तवाहिन्यांना बिलगलेली. त्या पावलांवर पाण्याची सूक्ष्म द्वारे, नाव ॲक्वापोरिन-४. गाढ झोपेत या वाटेने पाणी खेळते व दिवसाचा मळ धुतला जातो, असे मानतात. वाद मिटलेला नाही. उतारवयात द्वारे जागा सोडतात, मळ साचतो, विस्मरणाशी त्याचा संबंध असावा. म्हणाली, बाबा, मोरी धुवायच्या वेळी तुम्ही मोरीतच उभे असता.
वाद मिटलेला नाही, एवढे मी नीट लक्षात ठेवले.

बुधवार, ९ जुलै
स्वतंत्र चिंतन. द्वारे आहेत, तर पाणी हवे. झोप गौण. पहाटे तांब्याभर, स्नानोत्तर तांब्याभर, जपानंतर दोन. सौ. सुमतीने विचारले, अभिषेक कोणत्या देवाला चाललाय? बँकेतली रांग दोनदा सोडावी लागली.
अंतराचा फोन. प्यायलेल्या पाण्याने ती द्वारे उघडत नाहीत. उलट डोक्याला मार बसला की त्यांतूनच पाणी शिरून मेंदूला सूज येते. एका आजारात तर शरीर स्वतःच या द्वारांवर चालून जाते. तिच्या परिचयातील एक शिक्षिका त्यात आठ दिवस अंध होती. वेळेवर उपचार झाले, आता पुन्हा वह्या तपासते.
ऐकून तांब्या खाली ठेवला. अर्धा पिऊन.

शुक्रवार, ११ जुलै
ब्राह्ममुहूर्त सोडणे अशक्य. सबब दुपारी निद्रा. आडवा झालो. ओव्या मनात सुरू. सदतिसावीपाशी अडलो. उठून पोथी पाहिली. निद्रा : शून्य. सौ. म्हणाली, पाठ करण्यापेक्षा पाठ टेका. मग हळू आवाजात म्हणाली, काल तुम्ही मला दोनदा ताईंच्या नावाने हाक मारलीत. ताई म्हणजे माझी बहीण; ती वारून बारा वर्षे झाली. आवाजात साम्य आहे, असे मी म्हणालो. वस्तुतः नाही.

शनिवार, १२ जुलै. पहाटे २.३०
जादा उजळणी. मन अत्यंत तल्लख.

रविवार, १३ जुलै. सायंकाळ
मंदिर भरलेले. सदतिसावी ओवी आली. म्हटली. अडतिसावीही. कृतार्थ होऊन डोळे मिटले.
पुढील वृत्तांत सौ.कडून. श्रोत्यांना वाटले, गुरुजींना भावसमाधी लागली. आणि वक्त्याची समाधी मोडणे आमच्याकडे पाप. पंचवीस मिनिटे कोणी हलले नाही. तिघीजणी पाया पडून गेल्या, एकीने हार घातला. मग माइकमधून ध्वनी येऊ लागला. विठ्ठलरावांना तो ओंकार वाटला; त्यांनी टाळ धरला. सर्वेशचे आजोबा घोरतात, म्हणून त्याने तो ओळखला आणि माइक बंद केला. उठवायला निघालेल्यांना सौ.ने अडवले. म्हणाली, असू दे, आठवडाभरात आज पहिल्यांदा झोपलेत.

सोमवार, १४ जुलै. सकाळी ७.५०
विठ्ठलराव येऊन गेले. पुढील रविवारपासून सर्वेश. मी म्हणालो, विचार करून कळवतो. ते म्हणाले, विचार झालाय, गुरुजी. जाताना म्हणाले, काल पहिल्यांदाच तुम्ही वेळेत संपवलंत.
अंतराला फोन करून विचारले, पंचवीस मिनिटांत कितीसा मळ गेला असेल? ती हसली नाही. स्मृतीच्या तपासणीसाठी तिने गुरुवारची वेळ घेतली आहे. जाईन. मला भीती वाटते, हे येथे लिहून ठेवतो. अन्यत्र म्हणणार नाही.
ही वही केवळ माझ्यासाठी आहे, तथापि सौ. ती वाचते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तिला, आणि जो कोणी वाचेल त्या सर्वांना आशीर्वाद : मस्तकातील जलद्वारे आपापल्या जागी राहोत, आणि वाचता वाचता डोळा लागलाच, तर खुशाल लागू द्यावा.