दाताचा च

मिऱ्या, रत्नागिरी
गुरुवार, दुपार

प्रिय ऋतू,

हे पत्र सर्वेशच्या हाती देतेय. मावशीचा सर्वेश आज संध्याकाळच्या एसटीने पुण्याला निघालाय. फोनवर का नाही लिहिलं म्हणशील. दोनदा लिहिलं गो, आणि दोन्ही वेळा तू वाचायच्या आत पुसून टाकलं. कागद एकदा त्याच्या खिशात गेला की मला काही करता यायचं नाही. राग आला तरी शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

बाबांनी आज अकरा दिवस तोंडात घास घेतलेला नाही. सोमवारी दवाखान्यात आणलं. नाकातली नळी त्यांनी दोनदा ओढून काढली. उजवी बाजू गेली तरी डाव्या हातात ताकद आहे, चाळीस वर्षं तांडेल म्हणून लाँचचं सुकाणू धरलेला हात तो. डॉक्टर शनिवारपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर पोटाला भोक पाडून नळी घालायची. त्यासाठी भूल द्यावी लागेल आणि ती या छातीला सोसेलच असं ते म्हणत नाहीत. मी त्यांच्या खाटेशी बसूनच लिहितेय. ते जागे आहेत आणि दाराकडे बघतायत.

तुझा तो उच्चार जसाच्या तसा लिहायच्या खुणांचा कीबोर्ड यात कसा आला ते सांगते. दोन वर्षांपूर्वी तुला पीएचडीसाठी आपल्या दर्यावरचे शब्द हवे होते, तेव्हा तू माझ्या फोनमध्ये तो घालायला लावलास. तिकडे पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि इकडे माझा जीव गेला. पृथ्वीच्या गोळ्यावर बोट ठेवून कीबोर्ड बदला, मग उलटा ई शोधा, मग तो गळासारखा वाकडा एस. जाड बोटाखाली भलतंच अक्षर यायचं. बाबा तुझ्याशी बोलत नव्हते, पण मी कुणासाठी विचारते ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. ओटीवर बसून मुडदुसा, सौंदाळा अशी माशांची नावं एवढ्या मोठ्याने म्हणायचे की शेजारची गंगावहिनी बाहेर येऊन बघायची. तुला हे मी कधी सांगितलं नाही.

तेव्हाच तू मला दोन च शिकवलेस. चहातला टाळूचा, चुलीतला दाताचा. मराठीत दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, म्हणून तुझ्या त्या खुणा लागतात, असं म्हणालीस. मी हसले होते. जन्मभर बोलतोय की दोन्ही, कुणाचं काय अडलं?

मग तीन महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला आणि बोलणं गेलं. बोलायचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तोंडातून जे निघेल ते जसंच्या तसं लिहून ठेवा. तू म्हणालीस, ताय, त्यांचा तो आवाज पाठवू नकोस, मला ऐकवणार नाही, खुणा लिहून पाठव. रोज पाठवत होते. नुसते आ, नुसते म. आणि गेल्या शुक्रवारी पहिला अख्खा शब्द आला. मी तुला लिहिलं, tʃaːr. टाळूचा च. आकडा चार.

तो शब्द तुला किती लागतो ते मला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी ओमकारशी लग्न करून तू दारात उभी राहिलीस, तेव्हा चार लोकांत माझं नाक कापलंस असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. त्यानंतर तू आपल्या घरात पाऊल ठेवलं नाहीस. शुक्रवारी तुझं उत्तर आलं, मरणाच्या दारातही यांना चार लोकच आठवतात ना, आता मला काही पाठवू नकोस. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. तुझी काही चूक नाही.

आता माझं ऐक. तीन महिने त्यांचं सगळं मी करतेय. बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सोडली. अंग पुसते, कूस बदलते, पेज भरवते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं माझं झालंय. माझ्या हाताने दोन चमचे घेतले की तोंड फिरवायचे आणि नजर दारावर. शुक्रवारी मी चमचा त्यांच्या ओठांशी धरला होता तेव्हा ते बोलले, आणि ते माझ्याशी नव्हतं. शब्दही एक नव्हता, दोन होते. पहिला मी तुला पाठवलाच नाही. पहिला होता 'बाय'. मला ते जन्मात बाय म्हणाले नाहीत गो, मी आपली मृणाली. बाय तू एकटीच. मला मेलं जळून गेल्यासारखं झालं.

आणि दुसरा शब्द दाताच्या चचा होता. लहानपणी तू जेवायची नाहीस, तेव्हा लाँचवरून आल्यावर तुझ्यासमोर तोंड उघडून बसायचे आणि म्हणायचे, बाय, चार. तू एक घास त्यांना चारायचीस, मग एक स्वतः खायचीस. तेच म्हणाले. दाताच्या चची खूण लिहायला टी आणि एस, दोन साध्या कळा पुरतात. मी एसवर बोट दाबून धरलं, वर चौकट उघडेपर्यंत थांबले, बोट सरकवून तो गळासारखा एस उचलला, टाळूचा च केला आणि मग तुला पाठवलं. हे चुकून होत नाही, तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शुक्रवारपासून तेच दोन शब्द म्हणतायत, काल दिवसभरात तीनदाच म्हणाले. सर्वेश उद्या सकाळी तुझ्या दारात थांबेल, परतीच्या गाडीला तुझी जागा धरलीय. मला काय बोलायचं ते मागाहून बोल. आधी ये आणि त्यांना चार.

तुझीच,
मृणालीताय