पाठीतली गादी

माझ्या घरधनिणीस,
तुझ्या वाकलेल्या पिंजाऱ्याचा पडल्या पडल्या नमस्कार.

सुई टोचून झाली, काळजी नसावी. मणक्यांमधली चकती म्हणजे दबलेली गादीच गं. तिच्यात माझ्याच पेशी वाढवून सोडल्यात. डोळे मिटले की पाठीत कापूस फुलतोय असं वाटतं, आणि मी हलका होऊन छताशी तरंगतो.

डॉक्टर पोरीला विचारलं, "रुजल्या नाहीत तर?"
"तर पिंजणं सोडायचं, आजोबा. पण आधी वाट तर बघू!"

पाय अजून बधीर आहे, थोडासाच. तुझे गुडघे काय म्हणतात?

आपल्या गादीत माझ्या जागी खड्डा पडलाय. ती दुसऱ्या कुणाकडून पिंजून घेऊ नकोस. मीच येऊन पिंजेन.

तुझाच,
सध्या आडवा