अस्तर कशाचं होतं

प्रिय टाचणी,

काल तुझा फोन ठेवला आणि ओट्यावरची भांडी घासायला घेतली. ती घासून झालेलीच होती, हे निम्मी झाल्यावर लक्षात आलं. खरं तर फोनवरच सांगून टाकायचं अगदी तोंडाशी आलं होतं. पण तू मध्येच कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या दोन उजव्या बाह्यांची गोष्ट काढलीस, मी हसले आणि राहून गेलं. म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस. बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत आणि लाल शेरा मारायला बोर्डिंग शाळेतल्या मदरही राहिल्या नाहीत. मला कापूस म्हणणारी तर तू एकटीच उरलीस.

तू म्हणालीस, छातीतल्या इम्प्लांटभोवतीचं आवरण कडक झालंय, गुरुवारी उघडून ते बदलणार. पण नव्या सर्जनबाईंना आधी कळायला हवंय की अकरा वर्षांपूर्वी त्याला खालून आधार कशाचा दिला होता. "तू तर तिथेच होतीस, कापडाचं नाव तेवढं सांग," म्हणालीस. "एक टाका उसवला नाही बघ. मी सांगणार आहे, तेच अस्तर पुन्हा लावा." किती अभिमानाने बोलत होतीस. जणू ते तूच बेतलं होतंस.

मला ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ आठवली. खिडकीजवळची खाट. उशीला टेकून तू शेजारच्या बाईच्या गाऊनची उसवलेली शिवण नीट करत होतीस, कारण तुला ती बघवत नव्हती. सर्जन घाईत होते. त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. सगळा स्तन काढायचा, वरची कातडी राखायची आणि तिच्याखाली सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं. वरच्या अर्ध्या भागावर छातीचा स्नायू येतो, खालचा अर्धा उघडा पडतो, तिथे झोळीसारखा एक पातळ पट्टा शिवायचा. तुझी कातडी फार नाजूक, पट्ट्याशिवाय इम्प्लांट टिकणार नाही, असं म्हणून ते उठले. जाता जाता मला म्हणाले, सिस्टर, तुमचीच मैत्रीण आहे, बाकीचं तुम्ही समजावून सांगा. फॉर्मवर 'जैविक पट्टा' एवढे दोनच शब्द होते. तू ते दोनदा वाचलेस, चष्मा काढलास आणि विचारलंस, "म्हणजे अस्तरच ना गं? कापडाचं?"

मी म्हटलं, "हो. कापडाचं."

मग तू सही केलीस. केवढी ठसठशीत सही.

ते कापड नव्हतं, टाचणी. ती वासराची कातडी होती.

हे वाक्य लिहून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. आता पुढचं लिहिते, कारण अर्धवट सांगितलेलं तू कधीच ऐकून घेत नाहीस. ती पाकिटातून येते तेव्हा कोरडी असते, पांढुरकी, चित्रकलेच्या जाड कागदासारखी ताठ. तिच्यातलं जनावराचं म्हणावं ते सगळं धुऊन काढलेलं असतं, नुसती वीण उरते. ऑपरेशन टेबलाशेजारी उभं राहून ती मिठाच्या पाण्यात भिजवायचं काम माझं. स्टीलच्या भांड्यात ठेवायची आणि तळहाताने हलकेच दाबत राहायचं. माझ्या हाताखाली ती मऊ पडत गेली, जरा फुगली, निसरडी झाली. हातात ग्लोव्ह्ज होते. तरी माझ्या तळहाताला ती खरखरीत जीभ लागली.

कुणाची ते तुला सांगायला नको. शाळेच्या स्वयंपाकघरामागचा गोठा, आणि त्यातला कपाळावर पांढरा डाग असलेला आपला ठिपक्या. तू न्याहारीचा अर्धा पाव फ्रॉकच्या खिशात लपवून न्यायचीस. तो आधी पाव खायचा, मग सबंध तळवा चाटायचा, मग तुझ्या बरगडीला अशी ढुशी द्यायचा की तू पालथी पडायचीस. मग एका शनिवारी तो गोठ्यात दिसेना. रविवारच्या जेवणात रस्सा होता आणि तू दुसऱ्यांदा वाढून घेतलास. वाढणाऱ्या स्वयंपाकीणबाई हसत म्हणाल्या, "रोज तो तुझी बोटं चाटायचा, आज त्याच्यासाठी तू बोटं चाट." तू पंपापाशी जाऊन ओकलीस. त्यानंतर इतकी वर्षं झाली, तू मांसाला शिवली नाहीस. अजूनही चामड्याचं जाकीट दुरुस्तीला आलं की गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पिटाळतेस.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी कापडाचं म्हणाले. खरं कळलं असतं तर तू पट्टाच काय, इम्प्लांटही नको म्हणाली असतीस. आणि त्याच आठवड्यात तू दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीत आरशावर चादर टाकली होतीस. गिऱ्हाइकांना म्हणायचीस, तडा गेलाय. ती चादर निघावी असं मला फार वाटत होतं. पण तुझ्या भल्यासाठी केलं असं लिहायची माझी छाती होत नाही. तुझं 'नको' ऐकायची मला भीती वाटली, एवढंच खरं.

चादर निघाली. पण सहा महिन्यांनी तू गळ्यात टेप अडकवून कापड कापत असताना एकदम थांबलीस आणि हसून म्हणालीस, "आतून कुणीतरी ढुशी देतंय गं मला." मी सांगितलं, हात उचलला की इम्प्लांटवरचा स्नायू आखडतो, त्याने तसं वाटतं. ते खरंही आहे. त्या दिवशी मी बस सोडून घरापर्यंत चालत गेले. तेव्हापासून तू भेटल्यावर मिठी मारतेस ना, तेव्हा तुझी डावी बाजू माझ्या अंगाला टेकते आणि मी त्या ढुशीची वाट बघत राहते. निवृत्त झाले, ग्लोव्ह्ज सुटले, पण ती जीभ सुटली नाही. ओलं फडकं पिळताना लागते. सर्जन म्हणायचे की वर्षभरात आपल्या रक्तवाहिन्या त्या पट्ट्यात शिरतात, मग तो कुणाचा होता हे सांगता येत नाही. मी स्वतःला तेच बजावते, आता ते वासराचं राहिलं नाही, तुझंच आहे. पण तसं मानायचं की नाही हे तू ठरवायचं होतंस. मी तुला ठरवूच दिलं नाही.

आणखी एक आहे, ते त्याहून जुनं. त्या रविवारी तू ओकत होतीस आणि मी तुझी वेणी मागे धरून उभी होते. चूळ भरून तू म्हणालीस, "तुला माहीत असतं तर तू मला सांगितलंच असतंस." मी मान डोलावली. मला माहीत होतं, टाचणी. शनिवारी घसा धरला म्हणून मी आजारी मुलींच्या खोलीत होते, तिथल्या खिडकीतून मागचं अंगण दिसायचं. ठिपक्याला गाडीत चढवताना मी पाहिलं. फळीवर पाय देण्याआधी तो थांबला आणि त्याने धरणाऱ्याचा तळवा चाटून बघितला. दुसऱ्या दिवशी तू माझ्यासमोर बसून पहिला घास घेतलास. आता सांगितलं तर ही किंचाळेल आणि मदर मला उभं करतील, असं वाटलं. मग तू दुसरा घास घेतलास आणि उशीर झाला. माझ्या ताटातलं मी हळूच रुमालात गुंडाळलं होतं. मी खाल्लं नाही. तुला खाऊ दिलं.

आता हे जगात फक्त मला माहीत आहे. सर्जन गेले, ते हॉस्पिटल बंद झालं, दहा वर्षांपलीकडच्या फायली लगदा करायला गेल्या. काल मी एखाद्या कापडाचं नाव घेतलं असतं तरी मला खोटं पाडायला कुणी नव्हतं. एक नाव जिभेवर आलंही होतं. पण त्या पाकिटावर तीन चिकटपट्ट्या असायच्या, एक फाइलसाठी, एक रजिस्टरसाठी आणि एक पेशंटच्या कार्डासाठी. तुझ्या कार्डावरची मी लावलीच नाही, एप्रनच्या खिशात टाकली. इतकी वर्षं ती माझ्या शाळेतल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. या पत्राला तीच टाचली आहे. तिच्यावर नंबर आहे, माप आहे आणि खाली बारीक अक्षरात कशापासून बनवलं तेही आहे. गुरुवारच्या आधी सर्जनबाईंना दाखव. आता काय लावायचं, काही लावायचं की नाही, ते त्यांना नीट विचार आणि तूच सांग. गुरुवारी सकाळी सातपासून मी खालच्या मजल्यावरच्या बाकावर बसलेली असेन. मी नको असेन तर नर्सबरोबर तसं सांगून पाठव. तुझं 'नको' ऐकल्याशिवाय या वेळी मी उठणार नाही.

तुझीच, तू ठेवलीस तर,
कापूस