घड्याळावरून गेलेला चेंडू

३ मार्च १९७४
बेसबॉलच्या सगळ्या वर्षांत एमिलचे होमरन तीनशे बारा. तीनशे तेरा नाहीत. आज त्याच्याच स्वयंपाकघरात बसून मी हे तीनदा सांगितलं.

तो विचारतो, “ऑरिन, फायनलचा धरलास का रे? घड्याळावरून गेलेला?” मैदानाच्या घड्याळावरून बाहेर गेला तो सिनेमात — एमिलने त्यात एमिलचंच काम केलं होतं. खऱ्या फायनलला, अठ्ठेचाळीस साली, शेवटचा चेंडू मधोमध आला आणि हा बॅट खांद्यावर ठेवून नुसता उभा राहिला. बाद. सामना गेला.

मी “नाही” म्हटलं की तो मान हलवतो, जेवायला लागतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चौथ्यांदा रोझालीने माझ्या ताटात कोबीचे रोल वाढले. “खा आधी. नवऱ्याला माझ्या छळू नकोस.”

५ मार्च
बॅट फिरवून बाद झाला तर सामन्याच्या वहीत इंग्रजी ‘के’ सरळ काढायचा, न फिरवता झाला तर उलटा. मला कोणी शिकवलं नाही. कारखान्यात लेथवर काम करता करता, वर्तमानपत्रांतले तक्ते बघून शिकलो. एमिलचा प्रत्येक सामना माझ्याकडे आहे, शाईने. त्या दिवशीचा के उलटा आहे.

रोझालीचा फोन. “डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. परवा त्याला मुलीचं नाव आठवेना. हा एक चेंडू तेवढा त्याच्याकडे राहिलाय, ऑरिन. तोही तू काढून घेणार?”


८ मार्च
गुरुवारी टीव्हीवाले त्याच्या घरी येणार. मैदान सुटल्यावर याने टीव्हीवर काय काय कामं केली — दूधवाला, दोनदा पोलीस, एकदा प्रेत. प्रेताची पापणी हलली होती. तसं मी स्टुडिओला कळवलं होतं. उत्तर आलं नाही.
एमिल म्हणाला, “वही घेऊन ये. तू असलास म्हणजे बरं.”

११ मार्च
फायनलचं पान उघडून बसलो. मिटलं.

१४ मार्च
दिवे, वायरी, बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. एमिलने जुना कोट चढवला होता, बटण एक घर चुकलेलं. मुलाखत घेणारी बाई छान बोलत होती. फायनलचा विषय निघाला. एमिल माझ्याकडे वळला. “याला विचारा. हा कधी चुकत नाही.”

रोझाली दारात, हातात फडकं.

मी वही स्वतःकडे तोंड करून धरली. म्हणालो, “घड्याळावरून गेला. वारा तळ्याकडून होता, मंद.”
वाऱ्याचं खरं आहे.

बाईने टाळ्या वाजवल्या. रोझालीने डोळे पुसले. पुढे कॉफी झाली, केक झाला. एमिल माझ्याकडे बघतच होता.

१५ मार्च
काल निघताना एमिल दारापर्यंत आला. माझी बाही धरली. हळू म्हणाला, “मला दोन्ही दिसतं रे. चेंडू जाताना दिसतो, मी उभा राहिलेलाही दिसतो. म्हणून तर तुला विचारायचो. आता कोणाला विचारू?”