अकरा नंबरचं जहाज

३ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस आणि मला चक्क खिडकीजवळची जागा मिळाली! घरी पोचल्या पोचल्या आत्याला तेच सांगितलं. ती म्हणाली, खिडकीचं राहू दे, पगाराचं बोल. काम ऐकून तर हसतच सुटली. जहाजवाहतुकीच्या धंद्याचा एक कॉम्प्युटर गेम आहे. जुनं जहाज घ्यायचं, माल भरायचा, बंदरं निवडायची, नफा कमवायचा. मी दिवसभर तो खेळायचा आणि पैसे मिळवायच्या युक्त्या वहीत लिहायच्या. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाई त्या नियम म्हणून गेममध्ये भरतात. ज्या जहाजाला कुणी खेळाडू हाताळत नसेल, ते या नियमांनी आपोआप चालतं.

साहेबांना सगळे कप्तान म्हणतात, आणि त्यांना तळ्यातल्या होडीतही मळमळतं म्हणे. माणूस भला आहे, फक्त विजेच्या बाबतीत चिक्कू. सहाच्या ठोक्याला जिन्यातलं मेन बटण बंद करतात, आत कोण बसलंय ते पाहतही नाहीत. मी विचारलं, मग जहाजं थांबतात का? म्हणाले, नाही, ती इथे कुठे चालतात.

५ मार्च, बुधवार
दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. गणित आत्यानं शिकवलं आणि नोंद ठेवणं बाबांनी, सुट्टीवर आले की. ते मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत तेलवाले आहेत, यंत्रांना तेलपाणी करतात. आठ महिन्यांनी, या महिनाअखेर घरी येतील. त्यांची शिस्त अशी, की जहाजाच्या नोंदवहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची आणि खाली सही करायची. चूकही वाचता आली पाहिजे. मी किराण्याच्या यादीतही तेच करते, म्हणून आत्या चिडवते.

आजच्या युक्त्या. एक, वेग कमी ठेवावा, इंधन निम्म्यावर येतं. दोन, रिकामं परतू नये. तीन, गर्दीच्या बंदरात ताटकळण्यापेक्षा शेजारचं लहान बंदर गाठावं. चौथी लिहिली आणि लाज वाटली. जहाज फार जुनं झालं की भंगारात विकण्यापेक्षा भर समुद्रात बुडू द्यावं, विम्याचे तिप्पट मिळतात. खेळात हे अगदी बरोबर आहे. पण बाबा डोळ्यांसमोर आले. एक रेघ मारली, सही केली.

१० मार्च, सोमवार
सरावाला मला अकरा नंबरचं जहाज दिलंय. म्हातारं, गंजलेलं, बावीस खलाशी. मला त्याचा लळाच लागलाय.

काल बाबांचा फोन आला होता. कंपनीच्या हुकमानं त्यांचं जहाज गोगलगायीसारखं चाललंय. स्वयंपाकी म्हणतो, पोहत निघालो असतो तर एव्हाना घरी असतो. खूप हसलो.

१४ मार्च, शुक्रवार
नफा दुप्पट! गोदीतली दुरुस्ती पुढे ढकलायची आणि खलाशांची बदली लांबवायची. टायपिस्टबाईंनी जेवायच्या आधीच दोन्ही भरल्या. कप्तान माझ्या टेबलापर्यंत येऊन शाबास म्हणाले.

१७ मार्च, सोमवार
बाबांच्या जहाजाची दुरुस्ती रद्द. बदलीही. घरी कधी येणार, ते सांगता येत नाही म्हणाले. आत्यानं त्यांची गादी उन्हात घातली होती, ती आत घेतली.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्ही किती जण आहात जहाजावर?

बावीस.

१९ मार्च, बुधवार
योगायोग असेल. पण खात्री केल्याशिवाय मला राहवत नाही. आज बरोबर अकरा वाजता अकरा नंबरला भर समुद्रात एक पूर्ण गिरकी घ्यायला लावली. कुणाला सांगितलं नाही.

२० मार्च, गुरुवार
बाबांचा निरोप, जसाच्या तसा: "काल अकराला जहाजानं आपणहून गिरकी घेतली. सुकाणूला कुणाचा हात नव्हता. स्वयंपाक्याची सगळी पातेली आडवी. पोट धरधरून हसलो."

कप्तानांना सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, पहिल्या महिन्यात सगळ्यांना असं वाटतं. माझ्याआधीच्या मुलीचाही भाऊ जहाजावर होता. आता कुठे आहे तो, मी विचारलं.

"आता तिला भाऊ नाही," ते म्हणाले.

२४ मार्च, सोमवार
नियमांची यादी मागून घेतली. चौथा त्यात आहे.

मी म्हटलं, तो मी खोडला होता. टायपिस्टबाईंनी मान वर केली नाही. "अगं, मी शाई बघते, अर्थ बघत नाही. वाचता येत होतं, भरलं. खाली तुझी सहीसुद्धा होती."

भरलेला नियम काढता येत नाही. ज्यात नफा जास्त, तो आधी लागू होतो. गिचमिड करून खोडायला हवं होतं. पान फाडायला हवं होतं –

२५ मार्च, मंगळवार
सकाळी नऊ. अकरा नंबर पाच अंश कललंय. पडद्यावर वर पट्टी – आपोआप, नियम चार.

कीबोर्डवरचा बाण दाबून धरला की पट्टी जाते. जहाज माझ्या हातात येतं. सगळ्यात जवळच्या लहान बंदराकडे वळवलंय. नऊ तास. बाणानं फक्त दिशा बदलते, वेग वाढत नाही – तिथे पहिला नियम – माझाच.

बारा. डाव्या हातानं लिहितेय. मिनिटभर बाण धरा म्हणून बाईंना विनवलं. त्या डबा घेऊन उठल्या. बोट घसरलं – एकच क्षण – आता नऊ अंश.

तीन. बाबांना फोन लागत नाही. त्यांचाच निरोप आला. "जहाज तिरकं चाललंय. स्वयंपाकी शिव्या घालतोय. तू जेवलीस का?" होड्या उतरवा, असं लिहिलं. पोचलं नाही.

पाच. कप्तानांना सांगितलं, आज सहानंतर दहा मिनिटं वीज राहू द्या, फक्त दहा. ते हो म्हणाले. ते सगळ्यालाच हो म्हणतात.

पावणेसहा. "किनारा दिसतोय. दिवे मोजतोय."

बोट बधिर – धरलंय –

कप्तान उठले. टोपी घातली. दारातून हात केला मला. मी ओरडले, बटण नको – ते हसले – जिन्यात पावलं –

अजून दोन मिनिटं. बाबा, दिवे मोजा, मी धरलंय, मी