बंद मुठीतले चाकू

स्पार्टा, टेनेसी
१४ मार्च १९९८

ति. नेडीनताईस,
डॉइलचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक. ज्यूएलचा गुडघा कुरकुरतो, पण ज्यूएलपेक्षा कमीच.

मोठी बातमी आधी सांगतो. मागच्या रविवारी चर्चमधून परत येताना एका घराबाहेर जुन्या सामानाची विक्री लागली होती. तिथे सिगारच्या डब्यात, गंजलेल्या किल्ल्यांच्या खाली, मला एक बार्लो जातीचा घडीचा चाकू मिळाला. एकाच पात्याचा, हाडाच्या मुठीचा. मुठीचा रंग थेट मधासारखा, टोकाला लोखंडी टोपी, आणि तिच्यावर कारखान्याचं नाव अजून वाचता येतं. मी तो तेलाच्या फडक्याने पुसून फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवलाय. रोज एकदा काढून उजेडात धरतो. ज्यूएलचं म्हणणं असं, की आपल्या घरात इतके चाकू आहेत की दरोडेखोर शिरला तर घाबरून स्वतःचाच एखादा ठेवून जाईल.

गेल्या मेळाव्यात आपण चाकूंची अदलाबदल केली तेव्हा तू दिलेला तीन पात्यांचा स्टॉकमन नियमाप्रमाणे खिशातच आहे. मिटल्या मुठीतून जे मिळालं ते वर्षभर वागवायचं आणि तक्रार करायची नाही, हे मला पाठ आहे. कोर्टासमोरच्या बाकावर लाकूड तासत बसायला मात्र सध्या शनिवारी जात नाही. थंडी फार आहे.

तुझ्याकडे नवीन काय आलं ते कळव. धाकट्या भावावर लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा,
डॉइल

---

हॉजनव्हिल, केंटकी
२९ मार्च

चि. डॉइल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा बार्लो वाचला. एखाद्या माणसाने गाय विकत घ्यावी आणि पत्रात फक्त तिच्या शिंगांचा रंग कळवावा, तसं झालं. अरे, दूध किती देते? पातं धार धरतं का? स्प्रिंग कशी आहे? पातं उघडताना अर्ध्यावर टक् करून थांबतं का? यातलं एक अक्षर नाही. आणि थंडी कसली? माझ्या दारातला पीच फुलून झडायला आला.

आजवर या घराण्यात चाकू डबीत ठेवणारी मी आणि वापरून झिजवणारा तू. माझ्या कपाटाला तू संग्रहालय म्हणायचास. न कापणारा चाकू म्हणजे नुसता पेपरवेट, असंही तूच मला भर जेवणात ऐकवलंस. आता तूच फ्लॅनेलमध्ये गुंडाळायला लागलास. म्हातारा झालास की काय? माझ्याआधी होऊ नकोस, मला ते आवडणार नाही.

आता माझं ऐक. हिरव्या हाडाचा दोन पात्यांचा ट्रॅपर चाकू मला मिळाला. होय, तोच. माझा रॉस्को दुकान चालवायचा तेव्हापासून मी शोधत होते, बिचारा गेला तरी शोधतच होते. बार्ड्सटाउनला एका घरातल्या लिलावात सापडला. मूळ डबी, मूळ कागद. पातं कधी सफरचंदालाही लागलेलं नाही. मी त्याला हातरुमालाशिवाय धरत नाही. लिलावात माझ्याशी चढाओढ करणारा लेक्सिंग्टनचा गृहस्थ नंतर मोटारीपर्यंत मागे मागे आला, विकता का म्हणून. मी त्याला सांगितलं की माझ्या प्रेताच्या मुठीतून काढून घे, आणि तेही जरा जपून, ओरखडा पडायला नको.

तुझं तू सांभाळ. ज्यूएलला माया, तुला थोडी कमी.
नेडीन

---

स्पार्टा
२० एप्रिल

ति. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. ट्रॅपरबद्दल अभिनंदन. इतकी वर्षं थांबलीस, मिळाला हे बरं झालं. खरंच आनंद झाला.

बाकी माझ्याविषयी जे लिहिलंस ते वाचलं. माणसाची आवड बदलते. सप्टेंबरातल्या आपल्या कुटुंबमेळाव्याबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, या वर्षी जमेलसं वाटत नाही. मोटार जुनी झालीय, प्रवास लांबचा आहे. ज्यूएल यायची असेल तर येईल. चाकूंच्या अदलाबदलीचं यंदा राहू दे. कधीतरी थांबायचंच होतं.

राग मानू नये, एवढंच मागतो.
डॉइल

---

स्पार्टा
६ मे

सौ. नव्हे, पण आमच्या घरात सगळ्यांत वडील अशा नेडीनवन्संना ज्यूएलचा नमस्कार.

मी पत्र लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका. लिहिल्यावाचून राहवत नाही म्हणून लिहिते. तुम्हाला वाटत असेल डॉइल रुसलेत. रुसलेले नाहीत. त्यांच्याने चाकू उघडत नाही.

दोन्ही अंगठे गेलेत, वन्सं. सांधे सुजलेत, नखात जोर राहिलेला नाही. पात्यावरच्या त्या बारीक खाचेत नख घालायचं आणि ओढायचं, एवढंच काम, ते होत नाही. डॉक्टर म्हणतात यात परत फिरणं नाही, आहे तेवढं जपा. सुरुवातीला हे शेडचं दार लावून पकडीने पातं ओढायचे. एकदा पकड घसरली आणि तळव्याला टाके पडले. सगळ्यांना सांगितलं की टिनच्या झाकणाने कापलं. मी पण तेच सांगितलं.

पोराने वाढदिवसाला बटण दाबलं की उघडणारा चाकू आणून दिला. त्याच्याशी दोन शब्द गोड बोलले, आणि तो गेल्यावर चाकू खणात टाकला. ही लुटारूंची वस्तू आहे म्हणाले. सफरचंद आता माझ्यापुढे सरकवतात, दात दुखतात असं सांगून. साल काढण्याचा आणि दातांचा काय संबंध, ते मी विचारत नाही.

चाकूचं मला काही नाही, मेले सगळे नदीत गेले तरी चालतील. पण ते बाकावर जात नाहीत. तिथे गेल्या गेल्या प्रत्येकजण आधी चाकू काढतो, मग रामराम करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हॉलिस, क्लीटस, ऑर्व्हिल यांच्यासमोर आपण बंद चाकू हातात धरून बसायचं, यापेक्षा घरात बसलेलं बरं असं त्यांना वाटतं. शनिवारी खुर्चीत बसतात, टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघतात. असंच चाललं तर हा माणूस त्या खुर्चीतच संपेल. मला भीती वाटते, ती तुम्हाला सांगितली. कीव करू नका, ती त्यांना लगेच कळते.

तुमचा आधार वाटतो, तो वाटत राहावा.
ज्यूएल

---

हॉजनव्हिल
११ जून

चि. डॉइल यास आशीर्वाद.

मोटार जुनी असेल तर ज्यूएलची बहीण आणून सोडेल, मी तिच्याशी बोलले. प्रवास लांबचा आहे हे कारण तर तू मला सांगूच नकोस, तुझ्या लग्नाला मी तान्हं मूल आणि ताप घेऊन आले होते. मेळावा माझ्या दारात आहे. पीचचा गोड पाव होईल, डुकराच्या मांडीचं मांस होईल, आणि तुझ्या आवडीचे घेवडे. अदलाबदल होईल. आपल्यात नियम मोडायचा हक्क थोरल्याचा असतो, धाकट्याचा नाही.

इकडे मी दुकानाची मागची खोली पुन्हा उघडलीय. वस्तू आवळून धरायचा रॉस्कोचा शेगडा अजून घट्ट आहे, कानशी सगळ्या गंजल्या होत्या म्हणून नव्या आणल्या. मोडक्या चाकूंच्या मुठींवर हात बसवतेय. हाड कानसलं की दातांच्या दवाखान्यासारखा वास सुटतो. पोस्टमन परवा दारात थबकला आणि मी बरी आहे ना असं विचारून गेला. चार मुठी फुकट घालवल्या, पाचवी जमली. काय चाललंय ते विचारू नकोस.

हट्ट सोड आणि ये. तुझ्यावाचून घेवडे कोण संपवणार.
नेडीन

---

स्पार्टा
१४ सप्टेंबर

ति. नेडीनताईस डॉइलचा मनापासून नमस्कार.

घरी सुखरूप पोचलो. हे पत्र लिहायला इतका वेळ लागला, कारण आधी मी तुझ्यावर रागावलो होतो.

ओसरीवर आपण मुठी पुढे केल्या, अदलाबदल झाली, आणि माझ्या हातात हिरव्या हाडाचा ट्रॅपर आला तेव्हा मला वाटलं तुझी चूक झाली, भलताच उचललास. मग मुठीच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच कापलेली दिसली. मला वाटलं पडला, फुटला. तू मात्र पीचचा पाव वाढायला निघून गेलीस. तक्रार करायची नाही हा नियम, म्हणून मी तोंड मिटून मोटारीत जाऊन बसलो.

तिथे एकट्याने हात लावून पाहिला. मूठ कापल्यामुळे पातं मधोमध उघडं पडलंय, ते नखाने ओढावंच लागत नाही. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरलं आणि उघडलं. ताई, मी तो मोटारीत बसून किती वेळा उघडला आणि मिटला ते विचारू नकोस. ज्यूएल शोधायला आली तेव्हा मी रडत होतो. तिला वाटलं घेवडे बाधले.

घरी येऊन मग राग आला. इतक्या वर्षांनी सापडलेला चाकू. न वापरलेला, डबीसकट. त्यावर तू कानस चालवलीस. तो लेक्सिंग्टनचा गृहस्थ आता त्याला हातही लावणार नाही. माझा मधाच्या रंगाचा बार्लो होता, त्याला खाच मारायची होतीस. मी ज्यूएलला म्हणालो की ताईने वेडेपणा केला. ती म्हणाली की होय, केला, आणि आता तो पीच कापून दे. मी कापून दिला. फोडी फोडी करून.

मग परवाच्या शनिवारी बाकावर गेलो. हॉलिस, क्लीटस आणि ऑर्व्हिल बसलेले होते. मी देवदाराची काटकी घेतली, चाकू काढला, सावकाश उघडला आणि तासायला लागलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की बाकाखाली ढलप्या फक्त माझ्याच आहेत. पूर्वी तिथे घोट्यापर्यंत ढीग साचायचा, नगरपालिकेचा माणूस शिव्या देत झाडायचा. आता दगड स्वच्छ होते. तिघांच्याही हातात चाकू होते आणि तिघांचेही मिटलेले. हॉलिस आपल्या शिंगाच्या मुठीचं कौतुक सांगत होता, क्लीटस रंगाचं.

हॉलिसने माझा चाकू बघायला मागितला. खाचेवरून बोट फिरवलं. उघडला, मिटवला, पुन्हा उघडला, आणि बराच वेळ कोर्टाच्या घड्याळाकडे बघत बसला. मग हळूच विचारलं, की तुझी बहीण माझाही चाकू असा बिघडवून देईल का. क्लीटसने आपला पुढे केला. ऑर्व्हिल म्हणाला की त्यालाही एक असा हवाय, मेव्हण्यासाठी. ऑर्व्हिलला मेव्हणा नाही.

इतके महिने आम्ही चौघे एकमेकांपासून हात लपवत होतो, ताई, आणि हात फक्त आपलेच गेलेत असं प्रत्येकाला वाटत होतं.

सोबतच्या खोक्यात तीन चाकू पाठवतोय. खाच जरा मोठी मार, मेव्हण्याची बोटं जाड आहेत.

तुझा, आणि आता या तिघांचाही,
डॉइल